निवासी मदरसा, मोबाइल आणि खरी-खोटी माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातली बाळापूर, कारंजा, मंगरूळपीर, दिग्रस, पुसद, अचलपूर आणि या गावांच्या आजूबाजूची खेडी. या पट्ट्यातल्या निवासी मदरशांत मुलं शिकतात, तशी या पट्ट्यातली मुलं शिकायला लांबही जातात. त्यांचे पालक, त्यांचे उस्ताद आणि मदरशाची पायरीही न चढलेले शेजारी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. काहींना उत्तर दोन ओळींत संपतं, काहींना नाही.

मदरशात तर मोबाइलला बंदी असते. मग हा विषय निघतोच कशाला?

बंदी असते, खरं आहे. बहुतेक निवासी मदरशांत मुलाजवळ स्मार्टफोन सापडला की तो जप्त होतो, कुठे कुठे नावही कमी होतं. पण मुलगा बारा महिने दारुल इकामात, म्हणजे मदरशाच्या वसतिगृहात, नसतो. शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यातल्या, परीक्षा आटोपल्या की तो रमजानभर घरी असतो, बकरी ईदला घरी असतो, जवळचा असेल तर जुमेरातच्या (गुरुवारच्या) संध्याकाळी गावची एसटी पकडतो. घरी मोठ्या भावाचा फोन, चौकात दोस्ताचा फोन. आणि तो पाहताना बाजूला कुणी जाणतं माणूस नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हिफ्ज पूर्ण केलेला, म्हणजे कुराण तोंडपाठ केलेला, सतरा-अठरा वर्षांचा मुलगा रमजानात एखाद्या खेड्यात तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची नमाज, पढवायला जातो. गावकरी त्याला हाफिजजी म्हणतात, मशिदीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतात. शाबानपर्यंत ज्याच्या हातात फोन नव्हता, त्याने टाकलेला मेसेज आता त्या ग्रुपमध्ये सगळ्यात वजनदार ठरतो. पन्नाशीचा शेतकरी तो वाचून पुढे पाठवतो, कारण "हाफिजजीनं टाकलं". ज्याच्या शब्दावर उद्या गाव विसंबणार आहे, त्याला खबर तपासायला शिकवलेलं नसणं हे मला फोनच्या व्यसनापेक्षा मोठं दुखणं वाटतं.

सगळी मुस्लिम मुलं मदरशातच शिकतात ना?

नाही. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी साधारण 3 टक्केच मदरशात जात असल्याचं नोंदवलं आहे. शाळा करून सकाळ-संध्याकाळ मशिदीत कुराण वाचायला जाणारी मुलं मक्तबची. मक्तब आणि निवासी मदरसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे बोलतो आहोत ते मुक्कामी राहून नाजरा (कुराण पाहून वाचणं), हिफ्ज किंवा आलिमचा (धर्मशास्त्राच्या पंडिताचा) अभ्यास करणाऱ्या मुलांबद्दल.

माहिती-साक्षरता म्हणजे एमएससीआयटीच का?

एमएससीआयटीत संगणक चालवायला शिकवतात. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा वर्षभराचा संगणक पदविका अभ्यासक्रमही आहे, त्यात उर्दू टायपिंग आणि मांडणी शिकवतात, त्यातून रोजगारही मिळतो. दोन्ही चांगले. पण बोटं भराभर चालली म्हणजे पारख आली असं होत नाही. ही बातमी कुठून आली, कुणी सांगितली, त्याला कसं कळलं, सांगण्यात त्याचा काय फायदा, दुसरं कुणी तेच सांगतंय का, एवढं विचारता येणं ही माहिती-साक्षरता. ती फोन हातात न घेताही शिकवता येते. ते कसं, हे पुढे आहे.

मौलाना लोक याला विरोध करत नाहीत का? "आधुनिक" काही आणलं की अडतं म्हणे.

संगणकाच्या नावाने कुणी दचकतं, नाही असं नाही. त्यामागे खर्चाची भीती असते आणि त्याहून जास्त वायफायवर मुलं काय पाहतील याची. ती भीती खुळी नाही. पण खबरीची तहकीक, म्हणजे छाननी, शिकवायची म्हटलं, की आडवं येणारा उस्ताद मला तरी भेटलेला नाही. भेटलाच, तर त्याच्याच कपाटातली किताब त्याच्यापुढे उघडता येते.

सूरह हुजुरातची सहावी आयत प्रत्येक हाफिजाला पाठ असते: एखादा फासिक (बेभरवशाचा, पापी माणूस) तुमच्याकडे खबर घेऊन आला तर छाननी करा, नाहीतर अजाणता एखाद्या जमातीला इजा कराल आणि मग केल्याचा पस्तावा होईल. तफसीरमध्ये, म्हणजे कुराणावरच्या भाष्यात, तिच्यामागचा प्रसंग येतो. जकात आणायला गेलेल्या माणसाने बनू मुस्तलिक टोळीबद्दल चुकीची खबर आणली आणि प्रकरण चढाईपर्यंत जाता जाता राहिलं. सही मुस्लिम या हदीससंग्रहाच्या मुकद्दम्यात, म्हणजे प्रस्तावनेत, हदीस (प्रेषितांचं वचन) आहे की ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणं एवढंच माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे. त्याच मुकद्दम्यात इब्न सीरीन या जुन्या विद्वानाचं म्हणणं दिलं आहे: आधी लोक सनद (कुणाकडून ऐकलं ती साखळी) विचारत नसत, फितना (आपसातली बंडाळी) माजल्यावर म्हणू लागले की तुमची माणसं कोण ती नावं सांगा.

हदीसची तपासणी आणि व्हॉट्सअॅपच्या मेसेजची तपासणी यांचा खरंच काही संबंध आहे, की ही ओढूनताणून केलेली जुळवाजुळव?

संबंध आहे, आणि थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे.

आलिमच्या वरच्या वर्गांत हदीसशास्त्राच्या परिभाषा शिकवतात. हदीसचे दोन भाग: सनद, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं ती साखळी, आणि मतन, म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. साखळीतला प्रत्येक रावी, म्हणजे सांगणारा, तपासला जातो. तो सच्चा होता का? त्याची स्मरणशक्ती कशी होती? ज्याच्याकडून ऐकल्याचं सांगतो त्याला तो भेटला तरी होता का? मधली कडी गळली तर रिवायत (सांगितलेली गोष्ट) मुनकते, म्हणजे तुटलेली. सांगणारा कोण हेच माहीत नसेल तर तो मजहूल, म्हणजे अज्ञात. माणसांची ही छाननी करायला जरह व तादील आणि अस्मा-उर-रिजाल अशा स्वतंत्र शाखा उभ्या राहिल्या. रचून सांगितलेल्या हदीसला मौजू म्हणतात, आणि मौजू हदीसांचे वेगळे संग्रहच आहेत.

आता फोन उघडा. मेसेजवर फॉरवर्डेडची खूण आहे. दोन बाणांची खूण असेल तर तो पाच किंवा जास्त हातांतून आला आहे. लिहिणारा कोण, ठाऊक नाही: मजहूल. आणि हेच पोरांना सगळ्यात लवकर पटतं: कुणी तो व्हिडिओ फोनमध्ये साठवून गॅलरीतून पुन्हा पाठवला की फॉरवर्डची खूण गळून पडते. मेसेज एकदम नवा, जणू पाठवणाऱ्यानेच स्वतः काढलेला. कडी तुटली आणि तुटल्याचं दिसतही नाही. हे फळ्यावर एकदा काढून दाखवलं की पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःहून म्हणतो, "हजरत, ये तो मुनकते हो गई."

म्हणजे आलिमच्या वर्गातला मुलगा आपोआप सावध असतो?

अजिबात नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या रावीची चौकशी करणारा मुलगा कालच्या व्हिडिओची करत नाही, कारण ते किताबी इल्म आणि हे मोबाइल, अशी दोन खणांत वाटणी मनात झालेली असते. शाळेतलंही तेच आहे. दहावीला विज्ञानात नव्वद गुण मिळवलेला मुलगा लिंबू-सोड्याने कर्करोग बरा होतो हे फॉरवर्ड करतोच की.

दुसरी अडचण आदबीची. मेसेज उस्तादांनी पाठवला असेल तर "याची सनद काय?" असं विचारायचं कसं? आपल्याकडे घरातही वडलांना कुणी असं विचारत नाही. ही कोंडी मुलांनी फोडावी ही अपेक्षा चुकीची. ती उस्तादांनीच फोडायला हवी. एखाद्या मोहतमीम साहेबांनी, म्हणजे मदरशाच्या प्रमुखांनी, वर्गात सांगितलं की मी अमुक मेसेज पाठवला होता, तो खोटा निघाला, तर त्याचा जो असर होतो तो माझ्यासारख्या बाहेरच्याने घेतलेल्या वर्गाचा कधीच होणार नाही.

तिसरी गोष्ट, सनदेची पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही. फोनवर सच्चा माणूसही खोटी गोष्ट पुढे पाठवतो, आणि अनोळखी माणसाने टाकलेला व्हिडिओ खरा असू शकतो. म्हणून पाठवणारा कसा आहे यावर थांबू नये. मूळ व्हिडिओ कधी, कुठे काढला गेला इथपर्यंत जावं लागतं.

जुमेरातच्या अंजुमनमध्ये, म्हणजे मुलांच्या वक्तृत्वाच्या सभेत, मुलं यूट्यूबवरच्या तकरीरी (भाषणं) पाठ करून म्हणतात. ते चालेल का?

बोलायला शिकण्यासाठी चालेल. नक्कल करतच माणूस बोलायला शिकतो. अडचण अशी की गाजलेल्या वक्त्याच्या तकरीरीतले किस्से, आकडे, "अमक्या देशातल्या वैज्ञानिकाने कबूल केलं" वगैरे सगळं तसंच्या तसं उतरतं. नासाचं नाव घेऊन कुराणातल्या आयती सिद्ध करणारे दावे यात फार असतात. कुराणाला नासाच्या दाखल्याची गरज काय, हा प्रश्न खरं तर मुलांच्याच तोंडून यायला हवा.

सोपा उपाय: तकरीर संपली की ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी उठून एकेक विधान निवडायचं आणि वक्त्याने ते कुठून घेतलं ते सांगायचं. किताबेचं नाव आणि पान सांगता आलं तर उत्तम. "यूट्यूबवर ऐकलं" हे उत्तरही चालेल, पण मग ते कुणी ऐकवलं आणि त्याने कशाच्या आधारावर सांगितलं, हा पुढचा प्रश्न. महिनाभरात तकरीरी छोट्या होतात. माझ्या मते तोही फायदाच.

मसला, म्हणजे धर्माच्या नियमांबद्दलचा प्रश्न, अॅपला किंवा चॅटजीपीटीला विचारला तर?

एआयचे चॅटबॉट हदीस रचतात, हे मुलांना स्वच्छ सांगा. किताबेचं नाव बरोबर, क्रमांक ठसठशीत, आणि त्या क्रमांकावर भलतीच हदीस, असं सर्रास होतं. मुद्दाम कुणी फसवत नसतं. शब्दामागे शब्द जुळवणं हीच त्या यंत्राची रीत आहे, आणि संदर्भही ते तसाच जुळवतं. म्हणून त्याने दिलेला हवाला (संदर्भ) मूळ किताबेत पाहिल्याशिवाय तोंडातून काढू नये. मक्तबा शामिला या संगणकावरच्या ग्रंथसंग्रहात हजारो अरबी किताबा फुकट शोधता येतात. बऱ्याच मदरशांतल्या एकुलत्या एका संगणकावर ती असते आणि तिच्यावर धूळ बसलेली असते. हदीस शोधायला सुन्ना डॉट कॉम आहे. फतव्याच्या बाबतीत मसलक, म्हणजे पंथ, पाहावा लागतो. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस यांच्या संकेतस्थळांवर एकाच प्रश्नाची वेगळी उत्तरं सापडतील, आणि वरवर पाहणाऱ्याला कोणतं पान कुणाचं हे कळत नाही. ते ओळखणं हादेखील या साक्षरतेचाच भाग.

दंगलीच्या, तणावाच्या दिवसांत मुलांना काय सांगावं?

हा प्रश्न विदर्भात पुस्तकी राहिलेला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावतीत मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद झाला, हिंसाचार झाला, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करावं लागलं. मे 2023 मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल पेटली आणि एकाचा जीव गेला. मार्च 2025 मध्ये नागपुरात, आंदोलनात आयती लिहिलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि महाल भागात रात्र जळाली. आणि त्याआधीची, 1 जुलै 2018 ची धुळे जिल्ह्यातली राईनपाड्याची घटना: मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्या महिन्यातच व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करणं बंद करायचं ठरवलं.

मदरशातल्या मुलांना खोट्या खबरीचा मार कसा असतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. 2020 मध्ये, करोनाच्या दिवसांत, तबलिगी जमातीच्या (गावोगाव फिरून धर्मप्रचार करणाऱ्यांच्या) नावाने फिरलेले थुंकण्याचे, भांडी चाटण्याचे व्हिडिओ त्यांच्या घरच्यांनी सोसले आहेत. त्यातले कित्येक जुने, भलतीकडचे निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. आपल्यावर आलेलं खोटं ओळखणारा मुलगा दुसऱ्यावर आलेलं खोटं मात्र चवीने पुढे ढकलतो, हे वर्गात उघड बोलायला हवं. दोन्ही बाजूंच्या मेसेजेसची उदाहरणं घ्या. एकाच बाजूची घेतलीत तर तो माहिती-साक्षरतेचा वर्ग राहत नाही.

तणावाच्या काळात घरातल्या मोठ्यांनी आणि उस्तादांनी एवढं पाळावं: रात्री आलेला व्हिडिओ सकाळपर्यंत पुढे पाठवायचा नाही. खरा असेल तर सकाळीही खराच असेल.

नुसतं फॉरवर्ड केल्याने गुन्हा दाखल होतो का? आणि ग्रुप अॅडमिनचं काय?

होऊ शकतो. "मी लिहिलं नव्हतं" हा बचाव पुरत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम 196 गटागटांत वैर वाढवण्याबद्दल आहे, 299 धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दल आणि 353 खोटी माहिती किंवा अफवा पसरवण्याबद्दल. या कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रार्थनास्थळातल्या कृत्याला 196 व 353 मध्ये त्याहून जास्त. अठराखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. पण घरावर पोलीस यायचे ते येतातच. मुलगा वाचला तरी गावात नाव निघतं, आणि गरीब घराला वकिलाचा खर्च परवडत नाही.

अॅडमिनबद्दल विदर्भातलाच दाखला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, दोघांचा समान इरादा दिसला पाहिजे. म्हणून निर्धास्त होऊ नका. मशिदीच्या, मदरशाच्या ग्रुपवर "फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतील" ही सेटिंग करून टाका. निम्मा ताप जातो.

व्हिडिओ किंवा फोटो तपासायचा कसा?

फोटो असेल तर गूगल लेन्सने शोधा. हाच फोटो आधी कुठे, कोणत्या साली आला ते बहुतेक वेळा दिसतं. व्हिडिओ असेल तर तो थांबवून स्पष्ट चौकटीचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा. मग डोळ्यांनी पाहा. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी आहे? गाड्यांच्या नंबरची सुरुवात एमएच आहे का? पोलिसांचा गणवेश आपल्याकडचा आहे का? अकोल्याचा म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओत मागे नारळाची बाग दिसली तर पुढचं बघायची गरजच नाही. ही तपासणी मुलांना एखाद्या खेळासारखी आवडते, आणि वावरात, बाजारात वाढलेली पोरं यात शहरातल्यांपेक्षा तेज असतात. पीक कोणतं, ऋतू कोणता, बैल कोणत्या जातीचे हे त्यांना लगेच दिसतं.

एआयने बनवलेला आवाज किंवा चेहरा असेल तर नजरेवर भिस्त ठेवू नका. ते बोलणं दुसऱ्या कुठल्या भरवशाच्या ठिकाणी आलं आहे का, एवढंच पाहा.

उर्दूत किंवा मराठीत तयार पडताळणी मिळते का?

मिळते. विश्वास न्यूज आणि न्यूजचेकर यांच्या पडताळण्या उर्दूत आणि मराठीतही येतात. सरकारी योजना, परीक्षा, भरती यांबद्दलच्या दाव्यांसाठी पीआयबी फॅक्ट चेक आहे. पण ते सरकारचंच खातं आहे हे ध्यानात ठेवून वाचावं. गावातली अफवा मात्र यांपैकी कुठेच सापडणार नाही. तिला त्या गावातल्या माणसाला फोन लावणं हाच इलाज.

मुलगा उर्दू-अरबी शिकतोय. त्याला मराठीची काय गरज?

माझ्या दृष्टीने या सगळ्या यादीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो.

विदर्भातल्या खेड्यात अधिकृत माहिती मराठीत येते. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पोलिसांचं आवाहन, पीकविम्याची मुदत, सातबारा, महावितरणची नोटीस, ग्रामसभेचा अजेंडा, एसटीचा बोर्ड, सगळं मराठीत. संचारबंदी खरंच लागली की कुणी उडवून दिलं, हे पाहायला जिल्हा प्रशासनाचं पत्रक वाचता आलं पाहिजे. ते वाचता येत नसलं की उरतं काय? कुणीतरी उर्दूत किंवा हिंदीत सांगितलेलं, म्हणजे ऐकीव. मूळ कागद समोर असून माणूस ऐकीवावर चालतो. वऱ्हाडातली ही मुलं मराठी बोलतात झकास, बाजारात भाव करतात, पण वाचायची वेळ आली की अडखळतात. आठवड्यातून तीन दिवस मराठी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचून घ्या. दुसरं काही नाही जमलं तरी चालेल.

याला सरकारी वाटही आहे. राज्याच्या डॉ. झाकिर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजनेत गणित, विज्ञान, इंग्रजीबरोबर मराठीही येते, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने डीएड शिक्षकांचं मानधन 6,000 वरून 16,000 रुपये आणि पदवीसह बीएड असलेल्यांचं 8,000 वरून 18,000 रुपये करण्याचा निर्णय घेतला. शिवाय 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे. दहावीसाठी म्हणून का होईना, मराठी वाचली जाते.

चंदा, क्यूआर कोड, शिष्यवृत्ती यांतली फसवणूक?

रमजानात मदरशांचे सफीर, म्हणजे चंदा गोळा करणारे, पावतीपुस्तक घेऊन फिरतात आणि सोबत ओळखीच्या आलिमांचा तसदीकनामा (खरेपणाचा दाखला) ठेवतात. जाणता देणगीदार तो पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. क्यूआर कोड आला आणि ही जुनी सवय मागे पडली. कुणीही मदरशाचा फोटो लावून स्वतःचा कोड चिकटवू शकतो. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव मदरशाचं किंवा ट्रस्टचं आहे का ते वाचा. नसेल तर थांबा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी "पिन टाका, रक्कम जमा होईल" म्हणालं की समजा खिसा कापला.

शिष्यवृत्तीच्या नावाने फिरणाऱ्या लिंकवर आधार क्रमांक किंवा ओटीपी देऊ नका. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच भरा. केंद्राची अल्पसंख्याक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी 2022 मध्येच बंद झाली, त्यामुळे "पहिली ते आठवीच्या मदरसा विद्यार्थ्यांना केंद्राचे दहा हजार" असला मेसेज वाचताच बाजूला टाकायचा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

मुलींच्या मदरशांत काही वेगळं करावं लागतं का?

वर्ग मुअल्लिमांनीच, म्हणजे शिक्षिकांनीच, घ्यावेत, हे एक. दुसरं, मुलींच्या बाबतीत सगळा भर "फोटो टाकू नका" यावर येऊन थांबतो. त्यांनाही बातमी तपासता यायला हवी. लसीबद्दल, बाळंतपणाबद्दल, औषधांबद्दल घराघरांत फिरणारे व्हॉइस मेसेज शेवटी त्यांच्याच कानी येतात आणि सल्लाही त्यांनाच विचारला जातो. फोटोवरून कुणी धमकावत असेल तर मुलीलाच रागवू नका, त्याने ती पुढच्या वेळी सांगणार नाही. मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. 1930 किंवा 1098 वर कळवा.

मुलं रेल्वेने मदरशात जाताना अडवली जातात, व्हिडिओ निघतात. तेव्हा काय करावं?

मे 2023 मध्ये बिहारमधून सांगलीकडे निघालेली 59 मुलं भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवली गेली. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला आणि ते आठवडेच्या आठवडे कोठडीत राहिले. पुढे 2024 मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदवल्याचं सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केलं. पहिल्या दिवशीचे व्हिडिओ मात्र अजून फिरतात. त्यामुळे कागद सोबत हवेत: प्रत्येक मुलाचं ओळखपत्र, पालकांचं सहीचं संमतीपत्र आणि फोन नंबर, मदरशाचं प्रवेशपत्र, सोबतच्या माणसाचं अधिकारपत्र. कुणी चित्रीकरण करत असेल तर मुलांनी उलट कॅमेरा रोखू नये, सोबतच्याने पोलिसांशी बोलावं.

आमच्याकडे रेंज नाही, लाइट जाते, फोन एकट्या नाजिम (व्यवस्थापक) साहेबांकडे. वर्ग कसा घ्यायचा?

कागदावर. गाजलेल्या आठ-दहा खोट्या मेसेजेसच्या आणि तितक्याच खऱ्या बातम्यांच्या छापील प्रती करा आणि मिसळून द्या. मुलांनी गटात बसून प्रत्येक प्रतीपुढे सनद, रावी, मतन असे तीन रकाने भरायचे. खरं-खोटं सांगण्याआधी कारण लिहायचं. शेवटी नाजिम साहेबांच्या फोनवर एकच मेसेज सगळ्यांसमोर तपासून दाखवायचा. पाऊण तास पुरतो.

सुट्टीत घरी आल्यावर फोन किती द्यावा?

घड्याळ लावून मिनिटं मोजणं कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाला जमत नाही. फोन ओट्यावर किंवा बैठकीत बघायचा, पांघरुणात नाही, हा नियम जमतो. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्याच नियमांत किमान वय 13 आहे, हे सांगितलं की लहान्याशी होणारा वाद जरा आटोक्यात येतो.

वर्षातून कधी घ्यावेत हे वर्ग?

मदरशाचं वर्ष शव्वालमध्ये, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्यात, सुरू होतं. दाखले (नवे प्रवेश) आटोपले की पहिल्या दोन महिन्यांत सुरुवात करा, आणि अंजुमनचा वेळ मिळाला तर वेगळा तास मागायची गरज नाही. रजब (शाबानच्या आधीचा महिना) लागला की मुलं उजळणीत बुडतात, शाबानमध्ये परीक्षा असतात, तेव्हा कुणी ऐकत नाही. अपवाद एकच: तरावीहसाठी बाहेर पडणारे हाफिज. ते गावोगाव रवाना होण्याच्या आदल्या दिवशी त्यांना अर्धा तास बसवा, ग्रुपमध्ये काय टाकायचं नाही ते सांगा आणि अडलं तर विचारायला एका उस्तादांचा नंबर त्यांच्या डायरीत लिहून द्या.